कापलेलं कापड

"झालंच हं, एवढंच," म्हातारा दुकानाची पायरी चढता चढता आपल्या सुनेला म्हणाला, आणि कटिंगच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

खडू मोडण्यात तसं काही नाही. शिंप्याच्या दुकानात खडू मोडतात, सुया हरवतात, गिऱ्हाइकं चिडतात आणि दिवस जातो. पण मास्तरांच्या हातून खडू मोडत नाही, हे त्या दुकानातलं भिंतीवरच्या पाटीइतकंच ठरलेलं सत्य होतं. म्हणून कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. मास्तर टेबलाखाली वाकले होते. तुकडे शोधत होते असं म्हणायचं. खरं तर चिंध्यांच्या ढिगाऱ्यात डोकं खुपसून नुसते थांबले होते. आवाज म्हातारा झाला होता, कडेनं विरला होता, पण आतला धागा तोच. मऊ, समजूत घालणारा, पोराला कडू औषध पाजताना आई काढते तसा. हा आवाज त्यांनी ऐकला तेव्हा त्यांच्या तोंडावर हिरवी चादर होती. आवाजाला चेहरा असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण तो चेहरा त्यांनी कधी धड पाहिला नव्हता. वॉर्डात फेरीला यायचा तोही नाकातोंडाला फडकं बांधून. खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, एक्सरे उजेडाकडे धरायचा आणि त्या एक्सरेशीच बोलून पुढं जायचा.

"मास्तर, खाली साप निघाला की काय?" काजेवाल्या बाई म्हणाल्या.

"खडू," मास्तर म्हणाले आणि वर आले.

सून बोलकी होती. तिनं म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं, त्याच्या मांडीवर काठी आडवी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांचा सत्कार आहे. छातीचे मोठे सर्जन होते बाबा, आता त्यांच्या वयाचं कोणी उरलं नाही. जुना कोट अंगावर गोणपाटासारखा लोंबतो. कापड आणलंय, तुमच्या हाताला तोड नाही असं सगळे म्हणतात, तेवढं वेळेवर द्या. मास्तरांनी कापड उलगडून बोटांत चुरगाळून पाहिलं. राखाडी, उत्तम लोकरीचं, सोडल्याबरोबर पुन्हा सरळ होणारं. मग सवयीनं त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. गिऱ्हाईक नवं असो की जुनं, तेवढं बोट ते करतच. पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली होती: कापड एकदा कापलं की ऑर्डर रद्द होणार नाही.

"हो हो," सून हसली, "आता कशाला रद्द करतोय?"

अशी कारणं निघतात हे मास्तरांना माहीत होतं. मागं एक बाई नवऱ्याचा कोट रद्द करायला आली होती. नवरा आदल्याच दिवशी गेला होता. बाईचे डोळे सुजलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. मास्तरांनी तिला बसायला दिलं, पाणी दिलं आणि मग पाटी दाखवली. कापड कापलंय, बाई. अर्धं काम मी टाकत नाही. कोट शिवला, इस्त्री केली, कागदात बांधून तिच्या हातात ठेवला. ती मेलेल्या माणसाचा नवा कोट पोटाशी धरून पायऱ्या उतरली. त्या दिवशी घरी जाताना काजेवाल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या छातीत दगड आहे." मास्तरांना तेव्हा हसू आलं होतं. छातीत काय आहे आणि काय नाही, हे बाईंना कुठं ठाऊक होतं?

त्या काळी क्षयावर औषध नव्हतं, उपाय मात्र ढीगभर होते. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, नुकती मिसरूड फुटलेला एक पोरगा होता. बापानं त्याला टेकडीवरच्या सॅनेटोरियमात सोडलं, कुंपणापाशी उभं राहून तोंडावर रुमाल धरला, आणि नंतर त्याचं अंथरूण-पांघरूण अंगणात जाळलं असं पत्रानं कळवलं. उघड्या व्हरांड्यात ओळीनं खाटा. थंडीनं रात्री पांघरुणावर दव पडायचं. म्हणे गार हवेनं फुप्फुस बळकट होतं. छातीवर वाळूची पिशवी ठेवायची, म्हणजे श्वास कमी, म्हणजे फुप्फुसाला विश्रांती. सगळं शास्त्र त्या एका शब्दावर उभं होतं: विश्रांती. बोलायचं नाही. हात डोक्यावर न्यायचा नाही. आणि हसायचं तर मुळीच नाही, कारण हसलं की आतली जखम फाटते. सोन्याच्या सुया देत, म्हणजे सोन्याचा क्षार टोचत. त्या घेतल्या की अंगाची सालं निघत, लघवीतून रक्त जाई. एकजण त्यातच गेला, तर शेजारच्या खाटेवरचा पोस्टमन पुटपुटला, "नशीबवान लेकाचा. आपल्याला मेल्यावर तोंडात सोनं मिळालं तर मिळालं, हा आतून मढवून गेला." त्यावर सगळा व्हरांडा ओठ चावत, पोटं दाबत, डोळ्यांतून पाणी काढत हसू गिळत राहिला. हसू गिळायला तो पोरगा तिथं शिकला. ते इतकं पक्कं अंगात मुरलं की पुढं लग्नात फोटोवाल्यानं हात टेकले, आणि बायको अजून म्हणते, तुम्ही हसता तेव्हा कोणीतरी चिमटा काढल्यासारखं दिसतं.

"उभे राहा, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "इकडं, आरशासमोर."

सून शेजारच्या दुकानात टाय बघायला गेली. "बाबांना सांभाळा हं, तोल जातो," असं ती बाईंना सांगून गेली, पण बाई आरशापुढच्या पडद्याच्या अलीकडे वही घेऊन बसल्या आणि मास्तर म्हाताऱ्याबरोबर पडद्यापलीकडे गेले. आरशात दोघं दिसत होते. म्हाताऱ्याचा चेहरा मास्तरांनी निरखून पाहिला. काहीच नव्हतं त्यात. सुरकुत्या, पांढऱ्या भुवया, ओठाच्या कोपऱ्यात थोडी लाळ. चेहरा सापडला तर राग आयता त्यावर जाऊन बसेल अशी इतकी वर्षं त्यांची समजूत होती. राग आला, पण बसायला जागा न मिळालेल्या उतारूसारखा मध्येच उभा राहिला. मग त्यांनी हातांकडे पाहिलं. बोटं लांब, नखं बारीक कापलेली, आणि अंगठा हलत होता. काठीच्या मुठीवर काहीतरी चाचपत, दाबून बघत. हात ओळखीचे होते. पाठीला ओळखीचे.

सुया आणि वाळूनं भागेना, की हवा भरत. बरगड्यांतून जाड सुई घालून छातीत हवा सोडायची, म्हणजे रोगी फुप्फुस फुग्यासारखं दबून गप्प पडतं. दर आठवड्याला हवा. पोस्टमन त्याला सायकलचं दुकान म्हणायचा. पण या पोराचं फुप्फुस आतून भिंतीला चिकटलेलं, हवा शिरेना. मग सुतार. सर्जनला सगळा व्हरांडा सुतार म्हणत असे. फुप्फुस दबत नसेल तर त्याच्यावरची भिंतच पाडायची. पाठीमागून चिरून बरगड्या कापून काढायच्या, म्हणजे छाती आत बसते आणि तिच्याखाली फुप्फुस कायमचं झोपतं. एका वेळी सगळ्या कापल्या तर माणूस टेबलावरच जातो, म्हणून थोड्या थोड्या. त्याला रोगी हप्ते म्हणत. "झाला का पहिला हप्ता?" "नाही, अजून नंबर नाही." आणि खरं सांगायचं तर त्या हप्त्यांसाठी तिथं रांग होती. हप्ते फेडले की घर, असा हिशेब. जो आधी कापला जाईल तो आधी घरी जाईल. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण झोपून झोपून माणसाला अशाच गोष्टी कळतात. त्या पोराला इतकी घाई होती की ऑपरेशनच्या दिवशी आपला नंबर नसतानाही तो आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहायचा. न जाणो, कोणी गळलं तर? आणि एक दिवस पोस्टमनला ताप भरला. भीतीनं भरला असेल, कशानंही असेल. सिस्टर ढकलगाडी परत न्यायला निघाली, तेव्हा हा पोरगा खाटेवर उठून बसला. "सिस्टर, मी तयार आहे. मी काही खाल्लेलं नाही." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पोस्टमननं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू बसमधली आपली जागा यानं बळकावली.

"छाती," मास्तर म्हणाले आणि म्हाताऱ्याच्या काखेतून टेप मागं नेली. पडद्यापलीकडे बाई आकडा लिहीत होत्या. गिऱ्हाइकाच्या शरीरातलं उणं त्याच्या तोंडावर बोलायचं नाही, अशी दुकानाची रीत होती. कुबडाला 'भरीव' म्हणायचं, सुटलेल्या पोटाला 'राजेशाही', पडलेल्या खांद्याला 'नरम'. मास्तरांनी म्हाताऱ्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि त्यांना बरं वाटलं. एक खांदा चांगलाच खाली होता.

"उजवा नरम," मास्तर म्हणाले. जरा मोठ्यानंच.

"नरम म्हणजे?" म्हाताऱ्यानं विचारलं. कान शाबूत होते.

"खांदा पडलाय तुमचा. पॅड घालावं लागेल."

"पडणारच," म्हातारा म्हणाला. "आयुष्यभर वाकून काम केलं. तुमचाही पडला असेल."

"हात वर करा," मास्तर म्हणाले. "दोन्ही. बाजूला, असे. हलू नका."

काखेचं माप घ्यायला हात इतके वर करावे लागत नाहीत. बाईंना ते माहीत होतं, पण बाई पडद्यापलीकडे होत्या. म्हाताऱ्याचे हात थरथरू लागले. मास्तरांनी टेप एकदा लावली, काढली, पुन्हा लावली. आरशात म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम जमताना दिसत होता. कोपरं खाली आली की मास्तर दोन बोटांनी ती हळूच वर ढकलत.

"दमलो हो," म्हातारा म्हणाला.

"झालंच हं," मास्तर म्हणाले. "एवढंच."

हे शब्द तोंडातून गेले तेव्हा त्यांच्या पोटात काहीतरी गोड सुटलं. इतकं गोड त्यांना कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या मात्र काही लक्षात आलं नाही. तो लहान मुलासारखा आज्ञाधारकपणे हात वर धरून उभा होता, आणि त्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर पोरगाही असाच कुशीवर पडून होता, हात पुढं ओढून बांधलेला, तोंडावर हिरवी चादर, आणि जागा. पूर्ण जागा. भूल द्यायची ती पाठीपुरती, कारण सगळं निजवलं तर रोग्याला कफ खोकून काढता येत नाही. कातडी मेलेली होती, कान जिवंत होते. कातडी चिरली ती कळली नाही. मग हाडावरून काहीतरी खरवडत गेलं, रंधा मारावा तसं, आणि आवाज म्हणाला, "आता थोडं दाबल्यासारखं वाटेल." मग कच्. बाहेर नाही, आत, कवटीत. आणि मग टण्. ताटलीत बरगडी पडली. आपल्या अंगातली वस्तू ताटलीत पडल्याचा आवाज ऐकायला मिळणारी माणसं जगात किती असतील? पोरगा ओरडला नाही. ओरडलं तर अर्ध्यातच थांबतील आणि घर लांबेल, अशी भीती. दुसऱ्यांदा कच् झालं, टण् झालं. "झालंच हं. एवढंच." पुन्हा कच्. प्रत्येक वेळी झालंच, आणि प्रत्येक वेळी अजून एक.

दुसरा हप्ता झाला आणि औषध आलं. वरातीमागून घोडं. आधी अफवा आली, मग खोका आला, मग सिस्टरच्या खोलीत बाटल्या दिसू लागल्या. सुया टोचायच्या आणि गोळ्या गिळायच्या, बस. पोस्टमनचा ताप जाईना म्हणून त्याचा नंबर मागं पडत गेला होता. त्याला सुया सुरू झाल्या. महिन्याभरात त्याच्या गालावर मांस चढलं. तो हसू लागला, मोठ्यानं, दात दाखवून, आणि त्याला कोणी गप्प केलं नाही. पोरगा पालथा पडून हे बघत होता. त्याची छाती एका बाजूनं खचली होती, श्वास घेतला की कातडी आत ओढली जायची. तिसऱ्या हप्त्याचा दिवस आला तेव्हा सिस्टर ढकलगाडी घेऊन आली. तो तिला म्हणाला, औषध आलंय ना? ती म्हणाली, डॉक्टरांना विचार. चादर तोंडावर आली, पाठ बधिर झाली, आणि त्यानं चादरीखालून विचारलं, "डॉक्टर, औषध आलंय ना आता? मग हे कशाला?" वर कोणीतरी हत्यार उचललं. आणि तो आवाज, मऊ, समजूत घालणारा:

"झालंच हं. एवढंच."

तेवढंच उत्तर. मग कच्.

पोस्टमन घरी गेला तेव्हा दोन्ही खांदे सरळ होते. फाटकातून वळून त्यानं हात हलवला, अगदी डोक्याच्या वर नेऊन. या पोराचा हात तेवढा वर पुन्हा कधी गेला नाही. घरी जाऊन बसून करायचं काम म्हणून तो शिवण शिकला, आणि पहिला कोट स्वतःचा शिवला. उजव्या खांद्यात कापूस, ताठ बुकरमचं कापड, पुन्हा कापूस, असा की देवानंही फसावं. लोक म्हणाले, काय हात आहे. त्या एका कोटावर त्याचं दुकान उभं राहिलं. लग्न झालं, बायकोनं त्याची पाठ उजेडात कधी पाहिली नाही. आणि त्या सगळ्या वर्षांत, कापड कापताना, जेवताना, पोरीला शाळेत सोडताना, आत एकच प्रश्न उभा: मग हे कशाला? त्याला सूड नको होता. माफी मिळाली असती तर आवडली असती, पण तीही नको. त्याला उत्तर हवं होतं. एक माणूस जगात असा होता की ज्याला उत्तर माहीत होतं, आणि तो मेला असेल अशी मास्तरांना रोज भीती वाटत होती.

म्हाताऱ्याचा तोल गेला. हात खाली आले आणि एका हातानं त्यानं मास्तरांना धरलं. धरायला पाठ सापडली. उजव्या खांद्याखाली, शर्टावरून. मास्तर गोठले. हात तिथून निघायला हवा होता, पण निघाला नाही. अंगठा हलला. मग बोटं. खांद्याच्या फळीच्या कडेकडेनं खाली, आत वळून, पुन्हा वर, घरातल्या अंधाऱ्या जिन्यावर माणूस जसा न चाचपडता उतरतो तशी.

"अरे," म्हातारा म्हणाला. श्वास लागला होता, पण डोळे एकदम तरतरीत झाले होते. "हे कुठं झालं? टेकडीवर?"

मास्तरांच्या तोंडून हो निघालं.

"शर्ट काढ बघू."

इतका वेळ तो तुम्ही म्हणत होता. मास्तरांनी शर्ट का काढला हे त्यांना पुढं स्वतःलाही सांगता आलं नाही. टेबलावर कात्री होती, पडद्यापलीकडे रस्ता होता, वय झालं होतं, दुकान त्यांचं होतं. पण बोटं आपली आपण बटणं काढत गेली. त्या आवाजानं सांगितलं की वळायचं, हे त्या अंगाला डोक्यापेक्षा जुनं माहीत होतं. पॅड शिवलेली बंडीही काढली. आरशात ते दोघं आणि मध्ये ती पाठ.

"वा," म्हातारा म्हणाला. "वा! काय बसलंय. कुठं ओढलेलं नाही, कुठं पू नाही. वरची बरगडी पण काढली होती, बघ, ती अवघड असते. टाका तरी दिसतोय का?" आणि त्यानं पडद्याकडे तोंड केलं. "अहो बाई! या, या, बघा. असं काम आता बघायला मिळत नाही. आता कोणाला येतच नाही."

बाईंनी पडदा सरकवला. त्यांनी पाहिलं, आणि लगेच हातातल्या वहीत पाहिलं. इतकी वर्षं त्या मास्तरांच्या शर्टांना बटणं लावत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्यात कीव होती. मास्तरांना चाकूपेक्षा ती लागली.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं होतं आपला आवाज कापेल, कापला नाही. "तिसऱ्या वेळी औषध आलं होतं. बाटल्या आल्या होत्या. मी विचारलं होतं तुम्हाला. मग मला का कापलं?"

म्हाताऱ्यानं प्रश्न समजावून घेतला. त्याला आठवलं नव्हतं, हे दिसत होतं; पण तो प्रामाणिकपणे विचार करत होता, एखाद्या हुशार विद्यार्थ्यानं चांगलं विचारलं तर करावा तसा. तेवढ्या वेळात मास्तरांनी श्वास घेतला नाही. आता तो म्हणेल, चूक झाली. आता म्हणेल, तेव्हा कळत नव्हतं. आता म्हणेल, मला शंभर ऑपरेशनं पुरी करायची होती, नाव करायचं होतं. काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं.

"औषध कमी होतं," म्हातारा म्हणाला. "ते न कापलेल्यांना. तुझं दोन तृतीयांश झालेलं होतं." त्यानं आरशातून मास्तरांकडे पाहिलं आणि तो हसला, एका कारागिरानं दुसऱ्याकडे बघून हसावं तसा. "तूच सांग ना आता. अर्धा कापलेला कोट कोणी टाकून देतं का?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मास्तरांनी सरकलेल्या पडद्यातून पाटीकडे पाहिलं.  उत्तर बरोबर होतं. त्यांच्या स्वतःच्या हातानं रंगवलेलं, खिळ्यानं ठोकलेलं, रोज बोटानं दाखवलेलं. इतकी वर्षं ते भिंतीवरच होतं.

"नाही टाकत," मास्तर म्हणाले.

"बघ!" म्हातारा खूश झाला. त्यानं थंड तळव्यानं ती खचलेली पाठ थोपटली. "आणि जगलास की नाही? सत्काराला ये. मी तुला व्यासपीठावर बोलावतो. लोकांना कळू दे."

आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट ही की मास्तरांना बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. कोणीतरी ती पाठ पाहून वा म्हणालं होतं. सून टाय घेऊन आली तेव्हा मास्तर बटणं लावत होते आणि म्हातारा गुणगुणत होता. पायरी उतरताना त्यानं वळून हात हलवला. मास्तरांनीही हलवला, जेवढा वर जातो तेवढा.

त्यानंतर ते कापड टेबलावर पडून राहिलं. मास्तरांनी दुसरे कोट कापले, ते राखाडी कापड बाजूला सरकवून, पुन्हा मध्ये ओढून. रोज खडू उचलत आणि ठेवत. घरी बायको म्हणाली, बरं नाही का तुम्हाला? ते म्हणाले, काही नाही, जरा दाबल्यासारखं वाटतंय.  बाई मास्तरांना जड ताग्याला हात लावू देईनात, मध्येच उठून स्वतः उचलत. त्या मदतीनं मास्तरांचं डोकं फिरायचं. एकदा ते ओरडले, "मी मेलो नाहीये अजून!" बाई म्हणाल्या, "मी कुठं म्हटलं?" आणि दोरा दातानं तोडला.

मग एका दुपारी फोन आला. सून होती. या वेळी ती बोलकी नव्हती. "मास्तर, बाबांना दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी झालंय, सुई घालून काढताहेत. फार हाल होताहेत हो. डॉक्टर म्हणतात, आता काही दिवसांचं. सत्कार रद्द केलाय." ती थांबली. "कोट नका शिवू. कापड असू दे तुमच्याकडे, नाही तर कोणाला द्या. मला ते घरात बघवणार नाही."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. राखाडी कापड घडीत होतं, विकत आणलं तसं, अख्खं. सुनेच्या श्वासाचा आवाज फोनमध्ये येत होता. तिच्यावर त्यांचा काडीचा राग नव्हता. म्हाताऱ्यावरही उरला नव्हता, हेच तर वाईट झालं होतं. राग गेला होता आणि त्याची जागा आतून तशीच खचली होती.

"कापड कापलंय, बाई," मास्तर म्हणाले.

काजेवाल्या बाईंचा हात थांबला.

"अहो पण, माणूस जातोय तिकडं," सून म्हणाली. "कोण घालणार तो कोट?"

"पाटी दाखवली होती तुम्हाला. अर्धं काम मी टाकत नाही. न्यायला या."

"तुम्हाला काही..." ती म्हणाली आणि रडू लागली.  मास्तरांनी आवाज खाली आणला, मऊ केला, आणि म्हणाले, "झालंच हं. एवढंच." आणि फोन ठेवला.

त्यांनी घडी मोडली, कापड टेबलावर पसरलं, तळहातानं सुरकुत्या काढल्या. वही बघायची गरज नव्हती. सगळी मापं बोटांत होती, नरम खांद्यासकट. खडू नीट चालला. मग त्यांनी मोठी कात्री उचलली. पहिला घाव पाठीच्या बाजूनं घातला. लोकर जाड होती, आवाज भरदार आला.

"मास्तर," बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मांडीवरची बटणं फरशीवर सांडली. "अहो, कापलं नव्हतं तुम्ही. त्या पोरीला फोन करून सांगा की, कापलं नव्हतं."

मास्तरांनी वर पाहिलं नाही. कात्री खांद्यापाशी आली होती, तिथं वळण अवघड असतं.

"आता कापलंय ना," ते म्हणाले.